गुळाचा सौदा परवान्याने, घराचा सौदा शब्दावर

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात. रव्यांच्या थप्प्या लागतात, अडत दुकानांच्या दारात शेतकरी, व्यापारी, हमाल, तोलाईदार गोळा होतात आणि मुहूर्ताच्या रव्याला किती भाव मिळाला, हे दुसऱ्या दिवशी जिल्हाभर वाचले जाते. या गर्दीत कोण कुणाचा माल कुणाला विकतो, हे ठरलेले असते, कारण अडत्या, दलाल, खरेदीदार, तोलाईदार, मापाडी, गोदामवाला या सगळ्यांना बाजार समितीचा परवाना लागतो. शेतकऱ्याची पट्टी अडत्याने थकवली, तर दाद कुठे मागायची आणि कारवाई कशावर होणार, हे दोघांनाही ठाऊक असते.

आता याच शहराच्या कडेला, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडीच्या बाजूला यावे. रविवारची सकाळ. एखादे नोकरदार जोडपे दोन गुंठ्यांचा प्लॉट बघायला आलेले असते. सोबत मध्यस्थ असतो. तो कुणाच्या तरी ओळखीचा असतो. भावकीतला, तालमीतला, नाहीतर दुकानाशेजारचा. ‘कागद एकदम क्लिअर आहेत, काळजी करू नका,’ असे तो सांगतो. त्या एका वाक्यावर विसार दिला जातो, पुढे संचकारपत्र होते, पतसंस्थेचे कर्ज निघते, भविष्य निर्वाह निधीतली रक्कम उचलली जाते, घरातले सोने गहाण पडते. हा मध्यस्थ कोण, तो काय शिकला आहे, उद्या जमिनीत खोट निघाली तर त्याला कुठे गाठायचे, याची नोंद कोणत्याही कागदावर नसते. तीस किलोचा गुळाचा रवा विकून देणाऱ्याला परवाना लागतो. तीस लाखांचा प्लॉट विकून देणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा काहीच लागत नाही. ही विसंगती दूर व्हायला हवी, आणि ती दूर करणे सरकारच्या हातात आहे.

विसंगती आजची नाही. नावात 1963 हे साल असलेले राज्याचे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की तिचे मूळ दिसते. एक कृषी उत्पन्न पणन कायदा. त्याच्या कलम 7 मध्ये व्यापारी, अडत्या आणि दलाल यांच्या परवान्यांची तरतूद आहे. वजन करणाराही त्यातून सुटलेला नाही. दुसरा महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, लोकांच्या तोंडी ‘मोफा’. त्याने फ्लॅट बांधणाऱ्या प्रवर्तकावर बंधने घातली. कागदपत्रे दाखवा, नोंदणीकृत करार करा, ताबा वेळेत द्या. पण बांधणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाची त्याने दखल घेतली नाही. शेतमालाचा दलाल कायद्याच्या कक्षेत आला, घराचा दलाल पुढची पाच दशके मोकळा राहिला.

तो कक्षेत आला केंद्राच्या 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने. या कायद्यात एजंटाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस केलेली आहे. दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, प्रॉपर्टी डीलर म्हणा. नाव काहीही असो, प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देण्यासाठी मध्ये पडून मोबदला घेणारा प्रत्येक जण एजंट ठरतो. कलम 9 नुसार त्याला नोंदणी सक्तीची आहे. कलम 10 त्याची कर्तव्ये सांगते: नोंदणी नसलेल्या प्रकल्पात विक्री करून द्यायची नाही, हिशेब आणि कागद जपायचे, खोटी आश्वासने द्यायची नाहीत, ग्राहकाला हक्काची माहिती आणि कागदपत्रे मिळवून द्यायची. नियम मोडला तर कलम 62 नुसार रोज 10 हजार रुपये दंड, तो साठत साठत त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ही कलमे 1 मे 2017 पासून लागू झाली आणि त्याच दिवसापासून महाराष्ट्रात ‘महारेरा’चे कामकाज सुरू झाले.

नोंदणी मिळवणे अवघड नाही. अर्ज महारेराच्या संकेतस्थळावर करायचा. एकट्या माणसाला शुल्क 10 हजार रुपये, फर्म किंवा कंपनी असेल तर 1 लाख. नोंदणी 5 वर्षांसाठी. पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो ही नेहमीची कागदपत्रे. नोंदणी झाली की इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो कार्यालयात दिसेल असा लावायचा, जाहिरातीत छापायचा, प्रत्येक व्यवहारात लिहायचा.

पहिली सहा वर्षे एवढ्यावरच भागत होते. पैसे भरले, कागद जोडले, क्रमांक मिळाला. क्रमांक मिळालेल्या माणसाला चटई क्षेत्र आणि बांधीव क्षेत्र यांतला फरक कळतो का, हे कुणी विचारत नव्हते. जानेवारी 2023 मध्ये महारेराने हे बदलले. एजंटाला प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागेल आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे लागेल, असा आदेश निघाला. प्रशिक्षण वीस तासांचे. परीक्षा बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या ‘आयबीपीएस’ संस्थेकडून, संगणकावर, मराठीत किंवा इंग्रजीत. 20 मे 2023 रोजी पहिली परीक्षा झाली. 423 जण बसले, 405 उत्तीर्ण झाले.

जुन्या एजंटांना 1 जानेवारी 2024 पर्यंत मुदत होती. पुढे काय घडले, ते आकड्यांतच पाहावे. राज्यात तोवर सुमारे 47 हजार एजंटांनी नोंदणी केलेली होती. त्यातल्या 13,785 जणांनी नूतनीकरण न केल्याने त्यांची नोंदणी आधीच रद्द झाली होती. उरलेल्यांपैकी सुमारे 20 हजार जणांनी प्रमाणपत्रच सादर केले नाही, म्हणून 2024 मध्ये त्यांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित करण्यात आली. ज्या परीक्षेत पहिल्याच फेरीत शंभरातले पंच्याण्णव जण उत्तीर्ण होतात, ती द्यायला वीस हजार माणसे पुढे आली नाहीत. त्यांतले सगळे अप्रामाणिक होते, असे मुळीच नाही. कुणी धंदा सोडला असेल, कुणाला संगणकाची भीती असेल. पण मोठा भाग असाही असणार, ज्याला नोंदणीवाचून काही अडत नव्हते. का अडत नव्हते, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

उत्तर कायद्याच्या शब्दांत आहे. नोंदणी लागते ती रेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीपुरती. प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर तो प्रकल्प नोंदवण्याची सक्ती नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. कोल्हापूरच्या उपनगरांतून फिरणाऱ्याला वेगळे सांगायला नको की पाच गुंठ्यांच्या आतली, सहा-आठ फ्लॅटची इमारत हा इथला नेहमीचा नमुना आहे. ती सुटली. जुन्या फ्लॅटची फेरविक्री सुटली. राजारामपुरीतला गाळा भाड्याने देणे सुटले. शुक्रवार पेठेतले जुने घर सुटले. करवीर तालुक्यातली शेती सुटली. राहिले काय, तर मोठ्या बिल्डरांचे नवे प्रकल्प. आणि तिथे तर बिल्डरची स्वतःची विक्रीची माणसे बसलेली असतात. कोल्हापूरच्या मध्यस्थाचे रोजचे काम सुरू होते तिथे परवान्याची हद्द संपते.

आणि धोका नेमका या हद्दीबाहेर आहे.

कोल्हापूरची जमीन सरळ नाही. सातबारावर खातेदाराच्या नावापुढे ‘भोगवटादार वर्ग 2’ असे असेल, तर ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या, वतनाच्या अशा कितीतरी जमिनी या जिल्ह्यात आहेत. इतर हक्कांच्या रकान्यात कुळकायद्याची नोंद असेल तर तिचा अर्थ वेगळा. सातबारावर देवाचे नाव आणि त्याखाली वहिवाटदाराचे नाव असेल, तर ते देवस्थान इनाम. वहिवाटदार ती कसू शकतो, विकू शकत नाही. अंबाबाई आणि जोतिबा या मंदिरांसह तीन हजारांहून अधिक देवस्थानांचा कारभार पाहणारी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती याच शहरात आहे आणि तिच्या अखत्यारीतल्या जमिनी गावोगाव पसरलेल्या आहेत. अशा जमिनीचा तुकडा ‘नोटरी करून देतो’ म्हणत विकला जातो. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून लिहिलेले आहे. तरीही नोटरीचा शिक्का पाहून माणसे पैसे मोजतात, कारण मध्ये उभा असलेला माणूस ‘इकडे सगळे असेच करतात’ असे सांगतो.

मग पुराची रेषा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्काचा सखल भाग इथल्या लोकांनी घरात शिरलेले पाणी पाहिले आहे. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो; पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधायला परवानगी मिळत नाही. उन्हाळ्यात प्लॉट बघायला गेलेल्या बाहेरगावच्या माणसाला तिथे हिरवेगार, सपाट, नदीजवळचे रान दिसते. ती रेषा कुठून जाते, हे त्याला सांगण्याचे काम कुणाचे? मालक सांगणार नाही. सरकारी नकाशा कुठे बघायचा, हे घेणाऱ्याला माहीत नसते. हे सांगण्याची कायदेशीर जबाबदारी मध्यस्थावर असती, आणि लपवले तर परवाना जाण्याची भीती असती, तर किती घरांची फसगत टळली असती!

तिसरी गुंतागुंत शहराच्या हद्दीची. महापालिका 1972 मध्ये झाली. हद्दवाढीचा वाद तेव्हापासून गाजतो आहे. आजूबाजूच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूला महापालिकेची परवानगी, दुसऱ्या बाजूला प्राधिकरणाची, असे चित्र आहे. ग्रामपंचायतीचा घरठाण उतारा म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, गुंठेवारी नियमित झाली आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते, मिळकत पत्रिका आणि सातबारा ही दोन वेगळ्या कार्यालयांची वेगळी कागदपत्रे आहेत. हे सगळे जाणणारे मध्यस्थ कोल्हापुरात आहेत. तलाठी कार्यालय, सिटी सर्व्हे, दुय्यम निबंधक यांच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवून त्यांनी हे ज्ञान कमावले आहे. जुना फेरफार वाचून वारस राहिलेला आहे की नाही, हे ते नेमके सांगतात. दुर्दैव असे की त्यांना आणि कालपर्यंत दुसराच धंदा करणाऱ्या हौशी माणसाला बाजार एकाच मापाने मोजतो. दोघेही ‘एजंट’. जाणत्याची दलाली घासाघीस करून कमी केली जाते आणि अजाणत्याच्या चुकीचा डाग सगळ्या धंद्याला लागतो. परवान्याची खरी गरज घेणाऱ्याइतकीच या जाणत्या मध्यस्थाला आहे.

प्रश्न तातडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार इथे येऊ लागले. त्यांना कार्यालये हवीत, भाड्याची घरे हवीत, राहण्याच्या जागा हव्यात. या माणसांना इथली गल्ली, इथला नाला, इथला वॉर्ड ठाऊक नाही; ते मध्यस्थावर विसंबणार. आणि भाड्याचा व्यवहार जुळवणाऱ्याला आजच्या कायद्यात नोंदणीची गरजच नाही.

यावर ‘प्रत्येक गोष्टीत सरकार कशाला?’ असा आक्षेप येतो. दलाली हा ओळखीपाळखीचा, विश्वासाचा धंदा. त्यात परीक्षा आणि क्रमांक आणले की लहान माणूस बाहेर फेकला जाईल, असे म्हटले जाते. आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण निवृत्त शिक्षक, शेती करणारे तरुण, घर सांभाळून काम करणाऱ्या बायका असे अनेक जण या कामावर संसाराला हातभार लावतात. पण हिशेब करून पाहावा. 5 वर्षांना 10 हजार म्हणजे वर्षाला 2 हजार रुपये. एका मध्यम फ्लॅटच्या व्यवहारात मिळणाऱ्या दलालीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. परीक्षा मराठीत देता येते. आणि रिक्षा चालवायला बिल्ला लागतो, मुद्रांक विकायला परवाना लागतो, औषधाचे दुकान फार्मासिस्टशिवाय चालत नाही. त्यामुळे लहान माणूस त्या धंद्यांतून नाहीसा झालेला नाही.

दुसरा आक्षेप असा की परवान्याने माणूस प्रामाणिक होत नाही. खरे आहे. परवाना असलेला अडत्याही शेतकऱ्याला बुडवू शकतो. पण परवाना असला की तक्रारीला पत्ता मिळतो. रेराच्या कलम 31 नुसार ग्राहक एजंटाविरुद्ध थेट तक्रार करू शकतो. शुल्क 5 हजार रुपये, सुनावणी बहुतेक वेळा दूरदृश्य प्रणालीने, म्हणजे पुण्या-मुंबईला हेलपाटे नाहीत. हीच सोय जुन्या घराच्या किंवा मोकळ्या प्लॉटच्या व्यवहारात नसते. तिथे फसलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: पोलिसांत जा, नाहीतर दिवाणी दावा लावून वर्षे मोजा. आणि मध्यस्थ ‘मी फक्त ओळख करून दिली’ म्हणून हात झटकतो.

बाहेर काय चालते, तेही पाहावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1917 मध्ये असा परवान्याचा कायदा केला. न्यायालयाने तो रद्द केला, तर 1919 मध्ये राज्याने तो पुन्हा आणला. आज टेक्सासमध्ये परीक्षेला बसण्याआधी 180 तासांचे शिक्षण पुरे करावे लागते, कॅलिफोर्नियात 135 तासांचे. तिथे जुने घर विकून देणाराही परवान्यातून सुटत नाही. आपले वीस तास त्यापुढे फारच तोकडे आहेत. पण दाखला शोधायला परदेशी जायचीही गरज नाही. पंजाबने 1995 च्या कायद्यातच इस्टेट एजंटांची नोंदणी आणली. हरियाणाने 2008 मध्ये प्रॉपर्टी डीलर आणि सल्लागारांसाठी स्वतंत्र कायदा केला. रेरा येण्याच्या आठ वर्षे आधी. त्यात डीलरला जिल्हा पातळीवर परवाना घ्यावा लागतो. हरियाणाला जे जमते, ते सहकारी कायदे, बाजार समित्या आणि मोफा देणाऱ्या महाराष्ट्राला न जमण्याचे कारण नाही.

तेव्हा मागणी नेमकी हवी. परवाना प्रकल्पाला न जोडता व्यवहाराला जोडावा. नवा फ्लॅट, जुना फ्लॅट, मोकळा प्लॉट, शेती, भाड्याची जागा. मोबदला घेऊन जो कुणी असा व्यवहार जुळवून देतो, त्याची नोंदणी राज्याच्या कायद्याने सक्तीची करावी. लहान मध्यस्थासाठी शुल्क कमी ठेवावे, हवे तर हप्त्याने घ्यावे. प्रशिक्षणात रेराच्या कलमांबरोबर सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, भोगवटा वर्ग, देवस्थान इनाम, पूररेषा आणि गुंठेवारी यांचा अभ्यास असावा आणि त्यातला एक भाग जिल्ह्याचा असावा. मुंबईच्या मध्यस्थाला झोपडपट्टी पुनर्वसनाचे नियम लागतात. कोल्हापूरच्या मध्यस्थाला पंचगंगेचा नकाशा लागतो. हा जिल्ह्याचा भाग शिकवायला निवृत्त मंडल अधिकारी, नगर भूमापन कार्यालयातले जुने कर्मचारी आणि दिवाणी वकील शहरातच मिळतील. शिवाजी विद्यापीठाने ठरवले तर असा अभ्यासक्रम चालवता येईल.

दलाली किती, कुणाकडून आणि कधी द्यायची, हे लेखी ठरावे. रेराने दलालीचा दर ठरवलेला नाही आणि तो ठरवूही नये. पण दोन्हीकडून टक्का घेणाऱ्याने ते दोघांना सांगितलेच पाहिजे. सध्या कित्येक व्यवहारांत घेणाऱ्याला हे कळते तेव्हा खरेदीखत होऊन गेलेले असते.

एक गोष्ट तर कायदा बदलण्याची वाट न पाहता आजही करता येते. रविवारी प्लॉट बघायला निघालेल्या जोडप्याने मध्यस्थाला नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. क्रमांक नसेल, तर नाव, पत्ता, पॅन आणि दलालीची रक्कम कागदावर लिहून सही मागावी. जो मध्यस्थ आपले नाव लिहून द्यायला कचरतो, त्याच्या हाती विसार देऊ नये.

दुय्यम निबंधकांसमोर दस्त होताना देणाऱ्याचा फोटो निघतो, घेणाऱ्याचा निघतो, दोघांचे अंगठे उमटतात, ओळख पटवणाऱ्यांची नावे लिहिली जातात. ज्याने हा व्यवहार जुळवला, तो बहुतेक वेळा बाहेर बाकावर बसलेला असतो. रेरातल्या प्रकल्पांच्या करारनाम्यात एजंटाचे नाव आणि क्रमांक लिहिण्याचा दंडक महारेराने घातला आहे. तीच एक ओळ प्रत्येक खरेदीखतात आणि प्रत्येक भाडेकरारात यावी, यासाठी नोंदणी विभागाच्या नियमात दुरुस्ती लागेल आणि ती मुंबईत व्हायची आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या आमदारांनी ती येत्या अधिवेशनात मागावी, आणि परीक्षा देऊन क्रमांक मिळवलेल्या इथल्या एजंटांनी त्या मागणीवर पहिल्या सह्या कराव्यात.